गाण्यांचा संग्रह नव्या कंप्युटरवर नेताना: आधी जसंच्या तसं हलवा, आवरा नंतर

वर्षानुवर्षं जमवलेली गाणी ज्यांच्या कंप्युटरवर फाईलींच्या रूपात आहेत, म्हणजे सीडीवरून उतरवलेली, घरातल्या कॅसेटवरून भरून घेतलेली, मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली, कुठून कुठून विकत घेतलेली, आणि आता नवीन लॅपटॉप आलाय किंवा येऊ घातलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला त्यामुळे घरोघरी जुनी मशीन बदलणं चालू आहे आणि "गाण्यांचं काय करायचं गं" असं मला नात्यातले लोक सारखे विचारतात. आमच्या घरचा संग्रह (नाट्यसंगीत, भावगीतं आणि बराचसा ख्याल) मी हलवलाय, इतरांनाही मदत केलीये, त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. हलवणं आणि आवरणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकत्र करू नका. नवीन मशीन आलं की वाटतं चला आता नेतोच आहोत तर नावंही नीट करू, डुप्लिकेटही काढू, फोल्डरही नवे करू. असं केलं की जुनीकडे किती फाईली होत्या आणि नवीनकडे किती आल्या हे ताडून बघायचा मार्गच बंद होतो, एखादा अल्बम गळला तर कळतही नाही. म्हणून आधी जसंच्या तसं न्या, ताडून बघा, मग काय आवरायचं ते निवांत आवरा.

दुसरं हे की गाणं फाईलमध्ये असतं, पण तुमची प्लेलिस्ट, दिलेले स्टार, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं, ही माहिती बहुतेक वेळा फाईलमध्ये नसते, ती प्लेअर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत असते. नुसतं गाण्यांचं फोल्डर उचललं की गाणी येतात, वही मागे राहते.

## काय काय लागेल

- एक एक्स्टर्नल हार्डडिस्क, संग्रहाच्या दुप्पट तरी मोठी. दोन घेता आल्या तर दोन घ्या, दुसरीचं काम शेवटी येतंच.
- जुना कंप्युटर चालूच होत नसेल तर त्याची डिस्क बाहेर काढून लावायला यूएसबी केस. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंचीला वेगळा अडॉप्टर लागतो, तेव्हा कुठली डिस्क आहे ते दुकानात आधीच सांगा. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते.
- यूएसबीवर लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह, सीडी उतरवायच्या राहिल्या असतील आणि जुन्या मशीनचा ड्राइव्ह बिघडलेला असेल तरच.
- सॉफ्टवेअर: कॉपीसाठी टेराकॉपी, टॅगसाठी (म्हणजे फाईलच्या आत लिहिलेली गाणं, गायक, अल्बम ही माहिती) एमपी३टॅग, ऐकायला आणि तपासायला फुबार२००० किंवा म्युझिकबी. विंडोजवर घरगुती वापराला सगळी फुकट आहेत, एमपी३टॅगची मॅकची आवृत्ती मात्र विकत घ्यावी लागते.
- मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलच्या खात्यांचे पासवर्ड, आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाने) बंद असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की. ती नसेल तर बाहेर काढलेली डिस्क उघडणार नाही, म्हणून मशीन चालू असतानाच लिहून घ्या.

डिस्क घेताना एक सावधगिरी. अगदी कमी किमतीत "२ टीबी पेनड्राइव्ह" विकतात त्यांच्या नादी लागू नका. त्या चिपवर जागा थोडी आणि आकडा खोटा असतो, कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते पण सुरुवातीच्या काही फाईलींनंतरचं सगळं कचरा. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवा, ते डिस्क पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतं. वेळ लागतो पण खरं काय ते कळतं.

दोन्ही मशीन विंडोजची असतील तर डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. एक विंडोज आणि एक मॅक असेल तर एक्सफॅट करा, कारण मॅकला एनटीएफएस वाचता येतं पण त्यावर लिहिता येत नाही. फॉरमॅट करायचं ते डिस्क रिकामी असतानाच, हे सांगायला नको पण सांगते.

## १. आधी नुसतं शोधा, काही हलवू नका

गाणी एकाच जागी असतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात म्युझिक फोल्डर, डी ड्राइव्हवरचं "गाणी", डेस्कटॉपवरचं "न्यू फोल्डर", डाउनलोड्स, फोनचा जुना बॅकअप, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईली अशी सगळीकडे पसरलेली असतात. फाईल एक्सप्लोररमध्ये प्रत्येक ड्राइव्हवर जाऊन प्रकाराने शोधा: एमपी३, एम४ए, डब्ल्यूएमए, वेव्ह, फ्लॅक, ओजीजी. प्रत्येक जागा वहीत लिहा आणि समोर फाईलींची संख्या आणि एकूण साईज. प्रॉपर्टीजमध्ये "साईज" आणि "साईज ऑन डिस्क" असे दोन आकडे दिसतात, त्यातला पहिला घ्यायचा. दुसरा डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे बदलतो आणि नंतर उगाच घाबरवतो.

जागेचा अंदाज हवा असेल तर ३२० केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी खातं, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला १० एमबी, आणि तीच फ्लॅक (दर्जा न घालवता फाईल लहान करणारा प्रकार) केली तर बहुतेक वेळा निम्मी ते दोन तृतीयांश. तासाभराचा एक राग फ्लॅकमध्ये ३००-४०० एमबी धरा.

## २. जुन्या मशीनशिवाय जे होणार नाही ते आत्ताच उरका

हा टप्पा लोक सोडतात आणि नुकसान इथेच होतं.

ऑडिओ सीडी. एमपी३ची सीडी असेल (ती "१५० गाणी एकाच सीडीत" वाली) तर फाईली सरळ कॉपी होतात. ऑडिओ सीडीचं तसं नाही. ती उघडल्यावर ट्रॅक०१, ट्रॅक०२ अशा सीडीए नावाच्या फाईली दिसतात, प्रत्येक फक्त ४४ बाइटची, त्यात गाणं नसतंच, गाणं सीडीवर कुठून सुरू होतं एवढाच पत्ता असतो. बऱ्याच घरांत ह्या सीडीए फाईली जपून ठेवलेल्या असतात आणि मूळ सीडी कधीच देऊन टाकलेल्या. तुमच्या संग्रहात सीडीए शोधून बघा, सापडल्या तर त्या सीडी शोधायला लागा आणि रिप करा, म्हणजे गाणी फाईल म्हणून उतरवून घ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फुबार दोन्हीने होतं, थेट फ्लॅकमध्ये करा. घरी बर्न केलेल्या सीडींना प्राधान्य द्या, त्या छापील सीडीपेक्षा लवकर खराब होतात, वरचा थर सुटायला लागला असेल तर ती सीडी पहिल्या रांगेत.

कुलूप असलेल्या फाईली. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडी उतरवताना "कॉपी प्रोटेक्ट म्युझिक" असा पर्याय असायचा. तो चालू राहिला असेल तर डब्ल्यूएमए फाईलींचं लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं आहे, नवीन मशीनवर त्या वाजणार नाहीत. एक फाईल दुसऱ्या कंप्युटरवर वाजवून बघा, लगेच कळेल. वाजली नाही तर मूळ सीडीवरून पुन्हा उतरवणं हा सरळ उपाय. ॲपलची एम४पी फाईलही अशीच कुलूपबंद असते, पण आयट्यून्स स्टोअर भारतात २०१२च्या डिसेंबरमध्ये आलं आणि ॲपलने गाण्यांवरचं कुलूप २००९मध्येच काढलं होतं, त्यामुळे ही अडचण सहसा त्याआधी अमेरिका-इंग्लंडकडे राहून आलेल्यांच्याच संग्रहात निघते.

बंद पडलेल्या दुकानांतून घेतलेली गाणी. फ्लिपकार्टचं फ्लाईट २०१३ला बंद झालं, गूगल प्ले म्युझिक २०२०ला. फ्लाईटच्या एमपी३ना कुलूप नव्हतं, त्यामुळे नेता येतात, पण पुन्हा डाउनलोड करायला कुठे जाणार. अशा फाईली वहीत वेगळ्या खूण करून ठेवा. स्ट्रीमिंग ॲपमध्ये "डाउनलोड" केलेली गाणी मात्र विसरा, ती फाईल म्हणून हलवता येत नाहीत, नवीन मशीनवर लॉगिन करून पुन्हा उतरवायची.

## ३. प्लेलिस्ट आणि प्लेअरची वही

कुठलं सॉफ्टवेअर वापरताय त्यावर हे अवलंबून आहे.

आयट्यून्स असेल तर फाईल मेनूत लायब्ररी, त्यात ऑर्गनाईज लायब्ररी, त्यात कन्सॉलिडेट फाईल्स. यामुळे इकडेतिकडे असलेली सगळी गाणी आयट्यून्सच्या एका फोल्डरात कॉपी होतात. जागा दुप्पट लागते, आधी डिस्कवर तेवढी रिकामी आहे का बघा. मग म्युझिक फोल्डरातलं अख्खं आयट्यून्स फोल्डर उचलायचं, आत आयट्यून्स लायब्ररी नावाची आयटीएल फाईल असते, तीच वही. नवीन विंडोज मशीनवर शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडलं (मॅकवर ऑप्शन) की कुठली लायब्ररी उघडू असं विचारतं. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर आयट्यून्स नाही, म्युझिक ॲप आहे, पण युक्ती तीच.

फुबार, म्युझिकबी, विनॅम्प यातून प्लेलिस्ट एम३यू८ प्रकारात सेव्ह करता येते. शेवटी ८ असलेलाच प्रकार निवडा, त्यात देवनागरी नावं टिकतात, साध्या एम३यूमध्ये प्रश्नचिन्हं होऊ शकतात. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत गाण्यांचे पत्ते एकाखाली एक दिसतील. पत्ता डी ड्राइव्हपासून लिहिलेला असेल आणि नवीन मशीनवर डी ड्राइव्हच नसेल तर प्लेलिस्ट रिकामी उघडेल. उपाय सोपा आहे, नोटपॅडमध्येच फाईंड-रिप्लेस करून जुना पत्ता नव्याने बदला.

ज्यांच्याकडे आयपॉड आहे त्यांनी तो नवीन मशीनला लावून सिंकला हो म्हणू नका. नवीन लायब्ररीशी सिंक करताना तो आतलं पुसून टाकायची परवानगी मागतो आणि घाईत आपण होकार देतो.

## ४. कॉपी

कट-पेस्ट कधीही नाही. कॉपीच. मध्येच वीज गेली, केबल निघाली, तर कटमध्ये काय कुठे राहिलं याचा पत्ता लागत नाही.

- निळ्या रंगाचं यूएसबी पोर्ट असेल तर तेच वापरा. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे २०० जीबीला दोन तासांच्या आसपास, आणि लहान लहान फाईली भरपूर असतील तर त्याहून जास्त.
- स्लीप बंद करा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप असेल आणि लाईट जायची सवय असेल तर यूपीएस असलेल्या वेळी करा.
- टेराकॉपीमध्ये व्हेरिफाय चालू ठेवा. कॉपी झाल्यावर ते दोन्हीकडची प्रत्येक फाईल पुन्हा वाचून जुळवतं. वेळ जवळपास दुप्पट, पण हा वेळ वाचवू नका.
- एरर आलेल्या फाईलींची यादी शेवटी दिसते, ती सेव्ह करा.

एररचं एक नेहमीचं कारण म्हणजे पत्ता फार लांब होणं. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाईलच्या नावापर्यंत साधारण २६० अक्षरांची मर्यादा आहे, आणि फोल्डरात फोल्डर त्यात फोल्डर आणि प्रत्येकाचं नाव ओळभर असेल तर ती सहज ओलांडते. अशा वेळी वरच्या फोल्डरचं नाव तेवढं छोटं करा आणि पुन्हा कॉपी करा, बाकी कशाला हात लावू नका, आपण अजून आवरत नाहीयोत.

मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर आणलं असेल तर टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणाऱ्या, गाण्याच्याच नावाच्या, जेमतेम ४ केबीच्या फाईली जोडीला आलेल्या दिसतील. ती गाणी नाहीत, मॅकची स्वतःची टिपणं आहेत. गाडीच्या स्टीरिओत ह्याच फाईली "अनसपोर्टेड" म्हणून मध्ये मध्ये अडकतात. विंडोजवर शोधून निर्धास्त डिलीट करा, आणि संख्या जुळवताना ह्या मोजू नका.

## ५. जुळवून बघा

वही काढा. प्रत्येक जागेची संख्या आणि साईज नव्या प्रतीशी लावा. संख्येत दोन-चारचा फरक आला तर लपलेल्या चित्रफाईली असू शकतात, विंडोज मीडिया प्लेअर प्रत्येक अल्बमच्या फोल्डरात मुखपृष्ठाची छोटी छुपी चित्रं टाकून ठेवायचा. हिडन फाईली दाखवा असं सेटिंग दोन्हीकडे सारखं ठेवून पुन्हा मोजा.

त्यानंतर फुबारमध्ये सगळा संग्रह टाकून इंटिग्रिटी व्हेरिफाय चालवा (हे त्याचं जोडून घ्यायचं कॉम्पोनंट आहे, त्यांच्याच साईटवर मिळतं). एखादी फाईल आधीपासूनच अर्धवट किंवा खराब असेल तर यादीत येते. कॉपी बरोबर झाली म्हणून गाणं शाबूत आहे असं होत नाही, खराब फाईलची प्रतही तितकीच खराब येते. जुनं मशीन आणि सीडी अजून हाताशी आहेत तोवर हे कळलेलं बरं.

## ६. नवीन मशीनवर ठेवायचं कुठे

माझा ठाम सल्ला असा की जुन्या मशीनवर गाणी डी ड्राइव्हवर होती तर नवीनवरही डी ड्राइव्हच ठेवा आणि फोल्डरचं नाव तेच. नवीन लॅपटॉपला बहुधा एकच सी ड्राइव्ह असतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, आणि सुटलेल्या जागेचा नवा डी ड्राइव्ह. हे मशीन नवंकोरं असतानाच करा, सी ड्राइव्ह भरल्यावर मनासारखं श्रिंक होत नाही. पत्ता तोच राहिला की जुन्या प्लेलिस्ट, आयट्यून्सची वही, सगळं काही न बदलता चालू होतं.

दुसरा सापळा वनड्राइव्हचा. विंडोज ११ सेटअप करताना फोल्डरचा बॅकअप घेऊ का असं विचारतं आणि आपण नेक्स्ट-नेक्स्ट करत जातो. त्यात म्युझिक फोल्डरही गेलं तर १५० जीबी गाणी ५ जीबीच्या फुकट जागेत चढायला निघतात, जागा भरल्याच्या सूचना येत राहतात, आणि पैसे भरून जागा वाढवली तर "फ्री अप स्पेस" केल्यावर गाणी लॅपटॉपवर नावापुरती उरतात, नेट नसताना वाजत नाहीत. म्हणून संग्रह म्युझिक फोल्डरात ठेवूच नका, डी ड्राइव्हवर स्वतःचं फोल्डर करा. मॅकवर आयक्लाउडमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स जातात, तिथेही गाणी नकोत.

## ७. आता आवरा

आता प्रत सुरक्षित आहे, जुनं मशीन शाबूत आहे, आता हवं ते करा. पण एकेका कलाकाराचं किंवा एकेका फोल्डरचं करा, सगळ्यावर एकदम काही चालवू नका.

फाईलचं नाव रोमनमध्ये, टॅग देवनागरीत. यावर मतं वेगळी असतील, माझं कारण सांगते. टॅग देवनागरीत असले की शोधायला आणि वाचायला आनंद वाटतो, आणि रोमनमध्ये एकाच नावाची चार स्पेलिंगं होतात तेही टळतं. पण फाईलचं नाव देवनागरीत लांब झालं की एनएएसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) अडतं, कारण तिथे बहुधा लिनक्सची फाईल सिस्टीम असते, नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर ३ बाइट, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. बंदिशीची पहिली ओळ, राग, ताल, गायक एवढं लिहिलं की गेलंच. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या स्टीरिओत देवनागरी टॅगच्या जागी नुसते चौकोन येतात. त्यावर उपाय असा: गाडीसाठी पेनड्राइव्हवर वेगळी प्रत करा आणि त्या प्रतीवर एमपी३टॅगचं "फाईलनेम टू टॅग" चालवा. रोमन नाव टॅगमध्ये भरलं जातं, मूळ संग्रह देवनागरीतच राहतो.

एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये आयडी३ (एमपी३मधल्या टॅगचा प्रकार) आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ असल्याची खात्री करा. आयएसओ निवडलेलं असेल तर सेव्ह करताना देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. जुनी १ नंबरची आवृत्ती नुसती ३० अक्षरं ठेवते आणि देवनागरी ठेवतच नाही, ती काढून टाकली तरी चालते.

फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तिरकी रेघ, तारा, अवतरणचिन्ह हे विंडोजला चालत नाही. आणि नाव टिंबावर संपवू नका. मॅकवर "पु. ल." असं फोल्डर केलं आणि विंडोजवर आणलं तर ते शेवटचं टिंब विंडोज मानत नाही, फोल्डर उघडतही नाही आणि डिलीटही होत नाही. "पु ल देशपांडे" लिहा. (कथाकथन, कीर्तन, प्रवचन यांचं फोल्डर गाण्यांपासून वेगळंच ठेवा, नाहीतर शफलवर ठुमरीनंतर एकदम निरूपण सुरू होतं.)

अल्बम आर्टिस्ट भरा. बहुतेकांचा सगळ्यात मोठा गोंधळ ह्या एका रिकाम्या जागेमुळे असतो. निवडक भावगीतांच्या सीडीत बारा गायक असतील आणि अल्बम आर्टिस्ट रिकामा असेल तर प्लेअर तिचे बारा अल्बम करतो. तिथे सगळ्या गाण्यांना "अनेक गायक" लिहा, आणि आर्टिस्टमध्ये ज्याचा त्याचा गायक. तसंच "पं. भीमसेन जोशी", "पंडित भीमसेन जोशी", "भीमसेन जोशी" हे प्लेअरच्या लेखी तीन माणसं आहेत. मी टॅगमध्ये पंडित, उस्ताद, विदुषी काही लिहीत नाही, आदर कमी होत नाही आणि नाव अक्षरक्रमात जागेवर येतं.

गीतरामायणावर हात बसवून घ्या, कारण ते बहुतेक मराठी संग्रहांत असतं आणि त्यात सगळे प्रश्न एकत्र भेटतात. गाणी ५६. ट्रॅक नंबर नसतील तर प्लेअर ती अक्षरक्रमाने लावतो आणि कथा उलटसुलट होते. नंबर १, २, ३ असे फाईलच्या नावात दिले तर साध्या स्टीरिओत १ नंतर १० येतं, म्हणून ०१, ०२. एमपी३टॅगमध्ये ऑटो-नंबरिंग विझार्ड आहे, आधी यादी हाताने क्रमाने लावा मग तो चालवा. मग गायक: १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून जे प्रसारित झालं त्यात वेगवेगळे गायक-गायिका होत्या, आणि सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातला संच वेगळा. दोन्ही तुमच्याकडे असतील तर अल्बमच्या नावातच फरक लिहा, "गीतरामायण, आकाशवाणी" आणि "गीतरामायण, सुधीर फडके", नाहीतर प्लेअर ११२ गाण्यांची खिचडी करतो. कंपोझरमध्ये फडके, आणि गदिमांसाठी लिरिसिस्ट नावाचं फील्ड जोडा.

नाट्यसंगीत. इथे नाटकाचं नाव कुठे लिहायचं हा प्रश्न. अल्बममध्ये लिहिलं तर "मानापमान" म्हटल्यावर सगळ्या गायकांची पदं एकत्र येतात पण मूळ रेकॉर्ड किंवा सीडी मोडते. मी अल्बममध्ये सीडीचं नाव ठेवते आणि नाटक ग्रुपिंग फील्डमध्ये, कंपोझरमध्ये संगीतकार, म्हणजे इथे गोविंदराव टेंबे, आणि वर्षाच्या जागी ध्वनिमुद्रणाचं वर्ष. नाटक १९११चं म्हणून ते लिहू नका, ते पद तुमच्या सीडीवर कोणी सत्तर वर्षांनीही गायलेलं असेल. ध्वनिमुद्रणाचं वर्ष ठाऊक नसेल तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरलेलं वर्ष पुढे कोणीतरी खरं मानतं.

ख्याल. टायटलमध्ये आधी राग, मग लय-ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द. "यमन, विलंबित एकताल" एवढं पुढे असलं की यादीत सगळे यमन एकाखाली एक येतात आणि एका संध्याकाळी चार गायकांचे यमन पाठोपाठ ऐकता येतात, याच्यासारखं सुख नाही. एमपी३टॅगमध्ये "राग" नावाचं स्वतःचं फील्डही करता येतं, फुबारमध्ये त्यावरून शोधता येतं. तबला आणि पेटीवर कोण ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा, सीडीच्या कागदावर असतं आणि कागद हरवतात. शक्य असेल तर तो कागद मोबाईलने दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरात टाका.

देवनागरी टाइप करताना कीबोर्ड एकच वापरा. "वाऱ्यावर" मधला तो ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, "ॲ" सुद्धा, पडद्यावर सारखेच दिसतात पण शोधताना एकच सापडतो आणि दुसरं गाणं हरवल्यासारखं वाटतं. आधीच मिसळ झाली असेल तर एमपी३टॅगमध्ये रिप्लेसची ॲक्शन बनवून सगळे एका पद्धतीवर आणा.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आवाजावरून गाणं ओळखून टॅग आपोआप भरतं. इंग्रजी आणि बऱ्याच हिंदी गाण्यांना चांगलं आहे. मराठीची माहिती तिथे विरळ आहे आणि ओळखलं तरी कुठल्यातरी निवडक-गाणी अल्बममध्ये नेऊन टाकतं. दहा-वीस गाणी टाका, काय सुचवतंय ते वाचा, मगच सेव्ह. अख्खा संग्रह टाकून सेव्ह ऑल करू नका.

## ८. डुप्लिकेट, आणि इथे घाई नको

चित्रपटगीतं आणि भावगीतांत डुप्लिकेट भरपूर निघतात, एकच गाणं तीन एमपी३ सीड्यांवर तीन वेगळ्या दर्जांत. ड्युपगुरूमध्ये म्युझिक मोड आहे, त्याने शोधा, आणि ठेवताना नुसती मोठी फाईल चांगली असं समजू नका. १२८ केबीपीएसचं गाणं पुन्हा ३२०मध्ये बदलून विकलेलं किंवा वाटलेलं असतं. स्पेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख बघितला तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचं सगळं कापलेलं दिसतं, ते असं बदललेलं. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांना हा नियम लावू नका, त्यात मुळातच वरचे सूर नव्हते. आणि एमपी३चं फ्लॅक करून दर्जा परत येत नाही, जागा मात्र जाते.

शास्त्रीय संगीतात हे सॉफ्टवेअर वापरूच नका असं मी म्हणेन. एकाच गायकाचा एकच राग, बंदिशही तीच, पण मैफिली वेगळ्या, साथीदार वेगळे. टॅग सारखे म्हणून सॉफ्टवेअर डुप्लिकेट म्हणतं. लांबीत काही सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर ते वेगळं ध्वनिमुद्रण आहे असंच धरा आणि ऐका. खाजगी मैफिलीची कॅसेट घरी भरून घेतलेली असेल तर ती प्रत कदाचित फक्त तुमच्याकडेच असेल. शंका असेल ते डिलीट न करता "तपासायचं" नावाच्या फोल्डरात हलवा.

कॅसेटवरून केलेल्या वेव्ह फाईली फ्लॅक करून घ्या, दर्जा तसूभर कमी होत नाही, जागा वाचते, आणि वेव्हमध्ये टॅग नीट राहत नाहीत ते फ्लॅकमध्ये राहतात. मूळ वेव्ह काढायच्या आधी फ्लॅक एकदा व्हेरिफाय करा.

## ९. दुसरी प्रत आणि जुन्या मशीनचा निरोप

आवरून झालं की पूर्ण संग्रह दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे, मुलीकडे, जिथे वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं. जाल तेव्हा नवीन भर घालून या आणि चार गाणी वाजवून बघा.

जुनं मशीन लगेच देऊ नका. महिनाभर तसंच राहू दे, रोजच्या ऐकण्यात "अरे ते कुठे गेलं" असं याच काळात आठवतं. देण्याआधी आयट्यून्समधून त्या मशीनचं ऑथरायझेशन काढा (ॲपल एका खात्याला पाचच कंप्युटर देतं), ब्राउझर आणि मेलमधून लॉगआउट करा, आणि मग सेटिंग्जमधून रीसेट दिस पीसी, त्यात रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि क्लीन ड्राइव्हचा पर्याय चालू. यूएसबी केसमध्ये घातलेली डिस्क चांगल्या अवस्थेत असेल तर ती फॉरमॅट करून तिसरी प्रत म्हणून वापरता येते, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघा, "कॉशन" दाखवत असेल तर तिच्यावर काही ठेवू नका.